धनुष्कोडीचं गोडं पाणी

आमच्या आसेगावात कुणी थाप मारली तर तिला थाप म्हणत नाहीत, 'गोडं पाणी' म्हणतात. "काल रातच्याले म्या वावरात बिबट पाह्यला," असं कुणी सांगू लागला की ऐकणारा चहाचा घोट घेत विचारतो, "खरंच, का गोडं पाणी?" आजकालच्या पोरांना हा शब्द कुठून आला ते माहीतही नसेल. मला माहीत आहे, कारण तो माझ्या बापावरून आला आणि शाळेत माझ्याही कपाळी चिकटला. वर्गात मी हात वर केला की मागच्या बाकावरून हमखास आवाज यायचा, "आलं, गोडं पाणी आलं." त्यातल्या दोघा-तिघांना मी पाटीनं बदडलंय. डोकं माझं तेव्हापासूनच गरम.

गोष्ट अशी. रामेश्वरला जायचा समुद्रावरचा पूल मोटारींसाठी नुकताच खुला झाला होता. मंगरुळपीरहून यात्रेकरूंची एक बस निघाली आणि माझे बाबा, इंद्रभान, तिच्यावर क्लीनर म्हणून गेले. तेव्हा ते तिशीत होते. यात्रेकरू देवदर्शनात गुंतलेले असताना बाबा मासळीच्या एका ट्रकवर बसून पुढे धनुष्कोडीला जाऊन आले. धनुष्कोडी म्हणजे त्या बेटाचं शेपूट. दोन्ही अंगांना समुद्र, मधे वाळूची अरुंद पट्टी, आणि त्या पट्टीवर चौसष्ट सालच्या वादळानं एका रात्रीत पुसून टाकलेलं गाव.

परत आल्यावर त्यांनी जब्बारचाचाच्या हॉटेलात सगळं सांगितलं. हॉटेल म्हणजे काय, एक भट्टी, चार बाकडी आणि जगातल्या सगळ्या विषयांवर मतं. पडकं चर्च लोकांनी कान देऊन ऐकलं, वाळूत गाडलेले रूळ ऐकले. मग बाबा म्हणाले, "तठी समुद्राच्या काठाले हातभर वाळू खांदली का गोडं पाणी लागते. म्या पेलो."

झालं. तेव्हा हसायला लागलेलं हॉटेल आजवर हसतंय.

हसण्याला कारण होतं, हे मी मान्य करते. आमच्या उत्तरेला दर्यापूर-अकोटकडे गेलं की खारपाणपट्टा लागतो. तिथे शेकडो कोसांवर समुद्र नाही, तरी विहिरी खाऱ्या. जब्बारचाचाची सासुरवाडी त्याच पट्ट्यातली. शिवाय तो चहावाला. कोणत्या पाण्यात दूध टिकतं आणि कोणत्या पाण्यात फाटतं, हे तो पाणी जिभेवर घेऊन सांगतो. त्या दिवशी तो म्हणाला, "अबे इंद्रभान, जिथं समुंदर नाई तठच्या इहिरी खाऱ्या, अन् तुह्या समुंदरात गोडं पाणी? मंग मिठाच्या पोत्यात साखर बी सापळत असन!"

त्या दिवसापासून बाबा हॉटेलच्या आत बसले नाहीत. चहा जब्बारचाचाच्याच हातचा, पण बाहेरच्या बाकड्यावर, रस्त्याकडे तोंड करून. मैत्री तुटली नाही. आमच्या घरच्या लग्नात चाचाची भट्टी पेटली आणि त्याच्या घरच्या ईदला बाबा नवा सदरा घालून गेले. पण आत बसलं की कुणीतरी गोडं पाणी काढणार, म्हणून बाहेर. परक्यांचं सोडा, माझी आई गंगू, तीसुद्धा कमी नव्हती. बाबा म्हणाले, गोळी घेतली, की ही म्हणायची, "मले गोडं पाणी नोका सांगू, पाकीट दाखवा."

मी मंगरुळपीरच्या पोस्टात कामाला आहे. हातात मोबाइल आल्यावर मी पहिलं काम केलं ते हेच शोधायचं. सापडलंही, धनुष्कोडीचे कोळी वाळूत खड्डे करून पिण्याचं पाणी काढतात, असं चक्क लिहिलेलं. मी हॉटेलात जाऊन मोठ्यानं वाचून दाखवलं. जब्बारचाचानं ऐकून घेतलं आणि भट्टीतलं लाकूड पुढे सारत म्हणाला, "बेटी धम्मदीपा, मोबाइलमंदी तर मेलेले लोकं बी नाचतेत." पालथ्या घड्यावर पाणी.

गेल्या हिवाळ्यात बाबांच्या डोळ्याचं ऑपरेशन झालं. पट्टी निघाली त्या संध्याकाळी बाहेरच्या बाकड्यावर बसून ते म्हणाले, "आता साफ दिसते. पुन्हा झाकोळ याच्या आंधी एकडाव जाऊन याव म्हन्तो."

"कोठी?" चाचानं आतून विचारलं.

"तठीच."

हॉटेलात खसखस पिकली. चाचा मात्र भट्टी सोडून दारात आला. "चाल, मी बी येतो. गोडं निंगालं तर अठी सगळ्यायसमोर सांगीन का इंद्रभान खरा. खारं निंगालं तर मरेलोक थे नाव काढाचं नाई. कबूल?"

बाबांनी क्षणभरही विचार केला नाही. "कबूल."

मला चाचाचा असा राग आला म्हणता! बाबा म्हणजे सत्तरीच्या उंबरठ्यावरचा माणूस. त्याच्याजवळ आयुष्यात सांगण्यासारखी ही एकच गोष्ट, आणि तीच पणाला लावून बसला. नाही निघालं पाणी, तर पुढची वर्षं हा तोंड शिवून बसणार. तरी तिकिटं मीच काढली. खरं सांगायचं तर मलाही बघायचंच होतं. लहानपणापासून ज्या पाण्यावरून मी भांडले, ते आहे तरी का?

वाशिमला आठवड्यातून एकदा रामेश्वरची गाडी थांबते. बाबा, चाचा, आई आणि मी असे आम्ही चौघं तिच्यात बसलो तेव्हा डबाभर यात्रेकरू होते आणि प्रत्येक जण विचारत होता, "दर्शनाले का?" बाबा सांगायचे, "नाई, पाणी पाह्याले." मग विचारणारा आपलं तोंड खिडकीकडे करायचा. आईनं भाकरी आणि ठेचा इतका बांधून घेतला होता की गाडी बंद पडली असती तरी डबा जगला असता. चाचा प्रत्येक स्टेशनवरचा चहा घ्यायचा, एक घोट प्यायचा आणि त्या गावाच्या पाण्याबद्दल वाईट बोलायचा. पांबनच्या पुलावर गाडी आली तेव्हा दोन्ही बाजूंना नुसतं पाणी. चाचा डोळे मिटून पुटपुटू लागला. आई मात्र खिडकीला चिकटली होती. "एवढं पाणी," ती म्हणाली, "अन् एक घागर कामाची नाई."

दुसऱ्या दिवशी सकाळी आम्ही एक गाडी ठरवली. गाडीवाला मोडकं हिंदी बोलायचा, पण हौशी होता. रामेश्वरात एक दर्गा आहे, बाबा आदमच्या दोन मुलांची, हाबील-काबीलची कबर तिथे आहे असं लोक मानतात. चाचा तिथे उतरून बराच वेळ आत होता. पुढे रस्ता वाळूतून सरळ निघाला. गाडीवाल्यानं डावीकडचा समुद्र दाखवला, तळ्यासारखा शांत. "ये औरत समुंदर." मग उजवीकडचा, लाटांवर लाटा आपटणारा. "वो मर्द समुंदर. खाली-पीली हल्ला करता."

"बरोब्बर हाय," आई म्हणाली. चाचा आणि बाबा दोघंही खिडकीबाहेर बघू लागले.

रस्ता संपतो तिथे भारत संपतो. आम्ही तिथे उभे होतो तोच माझ्या मोबाइलवर संदेश आला, श्रीलंकेत आपलं स्वागत आहे. कुठलातरी पलीकडचा टॉवर. चाचानं तो संदेश तीनदा वाचायला लावला. "बिना पासपोटचा परदेस!" इतर लोक सेतू शोधत होते. बाबा मात्र चपला काढून समुद्राकडे तोंड करून उभे राहिले. महेंद्र आणि संघमित्रा धम्म घेऊन इथूनच पलीकडे लंकेत गेले, बोधिवृक्षाची फांदी घेऊन, हे त्यांनी विहारात ऐकलेलं. "अठूनच गेले का बाबा?" मी विचारलं. "दुसऱ्या बंदरातून गेले असतीन. पन गेले तर याच पाण्यावरून ना," ते म्हणाले आणि त्यांनी हात जोडले. मला गंमत वाटली. एकाच वाळूवर प्रत्येकाला आपापलं काहीतरी सापडत होतं. आमचं तेवढं अजून सापडायचं होतं.

परतताना जुन्या गावापाशी उतरलो. चर्चच्या भिंती उभ्या आहेत, छप्पर नाही. दगड जवळून पाहिले तर ते दगड नव्हेत, प्रवाळ. मधमाश्यांच्या पोळ्यासारखी भोकं. मी त्यांच्यावरून हात फिरवत राहिले. स्टेशनाचे खांब आहेत. वादळाच्या त्या रात्री एक आगगाडी माणसांसकट समुद्रानं नेली. आणि एका चौकटीपुढे गाडीवाला म्हणाला, "पोस्ट ऑफिस." मी आत गेले. चार भिंती, जमिनीवर वाळू, खिडकीतून समुद्र. इथे कुणीतरी माझ्यासारखंच शिक्के मारत बसत असेल, दुपारी कंटाळत असेल, आणि त्याला तहान लागत असेल. माझ्या डोक्यात एकदम लख्ख झालं. इथे स्टेशन होतं, पोस्ट होतं, शाळा होती, म्हणजे माणसं होती. मग ती पीत काय होती?

"बाबा, चला," मी म्हणाले. "खांदू."

आमच्याकडे नदी आटली की पात्रातल्या वाळूत खड्डा करून पाणी काढतात. त्याला झिरा म्हणतात. माझ्या आईचं अर्धं बालपण झिऱ्याशी वाटीनं पाणी भरण्यात गेलं, त्यामुळे आता हुकूम तिचा. तिनं पदर खोचला आणि शांत समुद्राच्या अगदी काठाशी जाऊन ओली वाळू दाखवली. "ओल पाहून खांदाव. अठी खांदा." बाबांनी नारळाची करवंटी घेतली. चार वेळा उकरलं तोच खड्ड्यात पाणी. चाचानं बोट बुडवून जिभेला लावलं आणि थू करून थुंकला. "नुस्तं मीठ."

बाबा डळमळले नाहीत. "थे बाई एवढी काठाले नव्हती. वर होती. टेकाडाच्या बुडाशी."

"कोणती बाई?" मी विचारलं. त्यांनी ऐकलं नाही.

वाळूच्या टेकाडाच्या पायथ्याशी, समुद्रापासून बरंच वर, एक हिरवा वेल पसरला होता. तिथे बाबा गुडघ्यांवर बसले. वरची वाळू तापलेली, मग कोमट, मग गार. कोपरापर्यंत हात गेला आणि तळाशी पाणी झिरपायला लागलं. मी ओरडलेच. बाबा ओंजळ घालणार, तोच आईनं त्यांचा हात धरला.

"थांबा! पयलं पाणी पेते का कोणी?"

आमच्याकडे झिऱ्याचं पहिलं पाणी कुणी पीत नाही. ते गढूळ असतं. ते उपसून फेकायचं, आणखी वीतभर खाली जायचं, मग जे येतं ते निवळशंख. हे आमच्या हाडात बसलेलं आहे. बाबांनी मान डोलावली. चाचाचे हात लांब, म्हणून उपसायचं काम त्याच्याकडे. तो स्टीलच्या पेल्यानं पाणी काढून मागे वाळूवर फेकत राहिला. बाबा खाली उकरत राहिले. पुन्हा पाणी आलं, पुन्हा फेकलं. आई म्हणत होती, "खोल जा अजून, खोल जा." शेवटी खांद्यापर्यंत हात गेला तेव्हा स्वच्छ पाणी साचलं, तळाचा कण न् कण दिसावा असं. "आता घ्या," आई म्हणाली.

बाबांनी पेला भरला, डोळे मिटले आणि मोठा घोट घेतला.

त्यांचा चेहरा मी बघत होते. ते थुंकले नाहीत. तो घोट त्यांनी गिळला. मग पेला माझ्या हातात दिला. मी चाखलं. खारट, कडवट, घशाला ओरबाडणारं.

मला वाटलं, आता चाचा टाळी वाजवेल. त्यानं वाजवली नाही. तो समुद्राकडे बघत मिशी पुसत बसला. मला त्याचा राग आला, समुद्राचा आला, आईच्या हुकमांचा आला, तिकिटं काढणाऱ्या माझा स्वतःचाही आला. आणि रडूही आलं.

बाबा वाळूत पाय पसरून बसले. "जब्बार, तू जितला," ते म्हणाले. "आता आखरीचं सांगतो. मंग नाव काढत नाई."

आणि त्यांनी मला, आईला, चाचाला, कुणालाच आजवर न सांगितलेला भाग सांगितला.

"यात्रेच्या बशीत पाण्याचा डरम होता. सगळ्यायचा पेला त्यातच जाये. मले मात्र वरून वतत. मी ओंजळ धरो, थे वतत. धम्म घेऊन तीस वर्सं होऊन गेल्ते, पन बशीत मी कोन हाय थे सगळ्यायले मालूम होतं. त्या दिवशी ठरवलं, आज या लोकायचं पाणी पेत नाई. ट्रकवर बसून अठी आलो. ऊन असं का जीभ टाळूले चिटकली. अठी एक बाई दिसली. कोळीन असन. म्या हातानं दाखवलं, पाणी. तिनं भाषा इचारली नाई, गाव इचारलं नाई. वाळू खांदली, करवंटीनं पाणी काहाडलं, पयले सोता पेली, अन् तीच करवंटी माह्या हातात देल्ली. गावात मी पाण्याचं सांगे, तुमी हासा. मले पाण्याचं काई नाई. पन पाणी खोटं त मंग थे बाई बी खोटी. थे खोटी नव्हती रे जब्बार."

आई त्यांच्याकडे बघतच राहिली. एवढी वर्षं एका चुलीपुढे काढली, आणि हे तिला समुद्रकाठी कळत होतं. "मले तरी सांगाचं," ती म्हणाली.

"तू बी हासली होती," बाबा म्हणाले. रागानं नाही. आईनं मान खाली घातली.

जब्बारचाचा उठला. पुन्हा बसला. हातातला पेला त्यानं दोनदा वाळूनं घासला.

"इंद्रभान," तो म्हणाला, "गाली दे मले."

"काहून?"

"पयलं पाणी उपसलं ना म्या, तवा बोट चाटलं. आदत हाय माही, पाणी हातात आलं का जिभीवर गेलंच. थे गोडं होतं."

आम्ही तिघंही त्याच्याकडे वळलो.

"मले वाटलं जिभीचा धोका असन. मंग दुसरा पेला चाटला, थो जरासाक मचूळ. तिसरा खारा. मी समजलो. माह्या सासऱ्याच्या गावात हेच हाय. पावसाचं पाणी वरच्यावर राह्यते, खाली मीठ. खोल गेला का मेला. आपन गोडं फेकलं अन् खारं काहाडलं." त्यानं कानाची पाळी धरली. "मी चुपचाप राह्यलो, का शर्त मी जितून राह्यलो. आता तुही थे बाई आयकली अन् मले सोताचीच लाज वाटली."

मी तोंड उघडलं होतं, बरंच काही बोलायला. बाबांनी हात वर केला. "अबे मंग बसला काहून?" ते म्हणाले. "खांद ना!"

चाचानं स्वतः खड्डा केला, वेलाच्या पलीकडे, कोऱ्या वाळूत. ओल लागली तसा तो थांबला आणि त्यानं सगळ्यांना हात मागे घ्यायला लावले. आईची बोटं शिवशिवत होती. जन्मभराची सवय, पहिलं पाणी दिसलं की उपसायचं. तिनं दोन्ही हात पदरात गुंडाळून ठेवले. तळाशी पाणी आलं, दुधाळ, वाळू मिसळलेलं. चाचानं पेला आडवा धरून वरचंच, अलगद भरून घेतलं आणि वाळू खाली बसेपर्यंत आम्ही चौघं त्या पेल्याकडे बघत बसलो. लग्नाच्या पंगतीतही आम्ही एवढ्या आशेनं कशाकडे पाहिलं नसेल.

"गंगूभाबी, पयले तू," चाचा म्हणाला.

आईनं घोट घेतला. मग अजून एक. मग सगळ्या पेल्यातलं निम्मं पाणी पिऊन तिनं तोंड पुसलं.

"गोडं हाय," ती म्हणाली, आणि बाबांकडे न बघता, "म्या उगीच हासली."

बाबा प्यायले. त्यांच्या ऑपरेशन झालेल्या डोळ्यातून पाणी वाहत होतं आणि न झालेल्याही. मी प्याले, घशाखाली साधं, गार, किंचित वाळूचं पाणी गेलं. काही म्हणजे काही विशेष नव्हतं त्याच्यात. आमच्या घरच्या माठातल्यासारखंच. शेवटचा घोट चाचाचा. त्यानं तो तोंडात घोळवला, पारखला आणि गिळून म्हणाला, "चहाले एक नंबर."

मी व्हिडिओ काढला. एक बाटली भरून घेतली. परतीच्या गाडीत ती बाटली चाचाच्या उशाशी होती. त्यानं तिला कुणालाही हात लावू दिला नाही.

आसेगावात पोचलो त्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळी हॉटेल गच्च भरलं होतं. बाबा नेहमीसारखे बाहेरच्या बाकड्यावर बसले. आत जायला त्यांना सांगितलं मी, पण पाय वळेनात. चाचा भट्टीमागे उभा राहिला, गळा साफ केला आणि ठरल्याप्रमाणे सांगितलं, "आयका सगळे. इंद्रभान खरा हाय. समुंदराच्या काठाले गोडं पाणी लागते. मी सोता खांदलं, मी सोता पेलो."

शेजारच्या गल्लीतला विनोद, ज्याचा बाप या हॉटेलात सगळ्यात मोठ्यानं हसायचा, तो म्हणाला, "चाचा, किती पैसे देल्ले रे तुले इंद्रभानबुवानं?"

हॉटेल हसून फुटलं. चाचानं माझ्या मोबाइलवरचा व्हिडिओ फिरवला. विनोदनं तो पाहिला आणि म्हणाला, "पाणी दिसून राह्यलं, चव कोठी दिसते?" चाचानं बाटली काढली, तिच्यातलं पाणी भट्टीवर ठेवलं, त्याचा चहा केला. दूध फाटलं नाही. सगळ्यांनी चहा घेतला, आणि सगळ्यांचं एकमत झालं की हे पाणी वाशिमच्या टेसनावरच्या नळाचं आहे. गोड्या पाण्याची ही अडचण आमच्यापैकी कुणाच्याच ध्यानात आली नव्हती. खारं पाणी आणलं असतं तर निदान समुद्राचं तरी पटलं असतं.

चाचा इरेला पेटला. "अबे, तठी फोन बी म्हने का लंकेत तुमचं स्वागत हाय!"

"घ्या!" विनोदनं मांडीवर थाप मारली. "आता जब्बारचाचाचं बी गोडं पाणी चालू झालं!"

त्या हसण्यात कप खाली पडले. मी बाहेर उभी होते. माझ्या हातांना पाटी आठवत होती. आत घुसणार तोच चाचा माझ्या अंगावरून बाहेर आला. त्यानं खांद्यावरचा फडका काढून दाराला लटकवला होता. भट्टी तशीच पेटती टाकून, दोन हातांत दोन कप घेऊन तो बाहेरच्या बाकड्यापाशी येऊन उभा राहिला. बाबांनी वर पाहिलं.

"सरक लेका," चाचा म्हणाला. "आता मी बी थापाड्या. मले बी अठीच बसा लागन."

बाबा सरकले.